माळाला किती आणे

त्या वर्षी आमच्या गावातली पाच माणसं एकमेकांशी धड बोलेनाशी झाली. त्यांतले एक माझे वडील होते.

गाव पलूसपासून कोसभर, नदीकाठी. मी तेव्हा कराडला एका कॉलेजात गणित शिकवायला लागून दीडएक वर्ष झालं होतं. शनिवारचा शेवटचा तास संपला की एस.टी. धरायची, फाट्यावर उतरायचं आणि उसांच्या मधल्या गाडीवाटेनं चालत घरी यायचं. शनिवारी संध्याकाळी आमच्या पडवीत चहा व्हायचा. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, आणि गल्लीपलीकडचे बागायतदार काका. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. मी आले की काका म्हणायचे, "या मास्तरीणबाई, काय शिकिवलं पोरांस्नी?" आणि मी काही सांगायच्या आतच दुसऱ्या विषयाला लागायचे.

त्या शनिवारी पडवीत आबा एकटेच बसले होते. कपबशी एकच.

"काका?" मी विचारलं.

"कामात असतील," आबा म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

आईनं आत चुलीपाशी सगळं सांगितलं. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढं शिकायचं तर पलूस नाहीतर तासगाव. मुलगे जायचे, मुली घरी बसायच्या. एका शिक्षणसंस्थेनं आठवीचा वर्ग सुरू करायचं कबूल केलं होतं. गावानं जागा द्यायची आणि दोन खोल्या बांधून द्यायच्या. महिनाअखेरपर्यंत जागेचा कागद सांगलीला पोचला नाही तर हायस्कूल शेजारच्या गावाला जाणार. त्यासाठी पाच जणांची कमिटी नेमली आणि भांडण सुरू झालं.

जागा तीन. एक बागायतदार काकांनी देऊ केलेली, नदीच्या अंगाला, गावाला लागून. दुसरी फाट्यावर, सडकेला. तिसरी वर माळावर, धनगरवाडीच्या जवळ, नुसता मुरूम आणि वारा. पहिल्या बैठकीत हात वर करायला लावले. नदीला दोन हात: काकांचा आणि हेडमास्तरांचा. फाट्याला दोन: आबांचा आणि सुईणआजींचा. माळाला एक: धनगरवाडीच्या म्हातारबाबांचा. दुसऱ्या बैठकीत तेच. तिसऱ्या बैठकीत आबा काकांना म्हणाले, "तुमास्नी शाळा नको हाय, तुमच्या रानाला रस्ता पाहिजे." काका उठून गेले. चौथी बैठक झालीच नाही.

"ह्यांनी फौज सोडल्यापास्नं पयल्यांदा काका चा प्यायला आलं न्हाईत," आई म्हणाली. "ह्यांस्नी रात्री जेवण जाईना झालंय. पर कबूल करतील तर शपथ."

सोमवारी मी कॉलेजात गेले तेव्हाही डोक्यात तेच होतं. आमच्या विभागात साताऱ्याहून आलेले एक वयस्कर सर होते. त्यांना बाहेरून कुठून कुठून टंकलेले लेख यायचे आणि ते आम्हा नव्यांना वाचायला द्यायचे. त्या आठवड्यात त्यांनी मला एक लेख दिला होता. इंग्रजीत त्या विषयाला 'फझी' म्हणत. मराठीत तोवर शब्द नव्हता. सर म्हणायचे, "कडा पुसट असलेला संच." वर्गातले दोन पोरगे दाखवून त्यांनी मला समजावलं होतं, "हा उंच आणि ह्याच्यापेक्षा अर्धा इंच कमी असलेला तो उंच नाही, असं कुठं असतं का? तोही उंचच, पण जरा कमी उंच. ते 'जरा' आकड्यात धरायचं."

लेखाच्या शेवटी पाच-सहा पानं होती ती बऱ्याच जणांनी मिळून निर्णय कसा घ्यावा याबद्दल. 'तुला काय पाहिजे' एवढंच विचारायचं नाही. दोन-दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि विचारायचं, हिच्यापेक्षा ती किती बरी वाटते? शून्य ते एक यांच्यामधला कुठलाही आकडा द्या. एक म्हणजे पूर्ण ही, शून्य म्हणजे पूर्ण ती, अर्धा म्हणजे दोन्ही सारख्याच. मग सगळ्यांचे आकडे जोडीजोडीनं एकत्र करायचे.

मी ती पानं दोनदा वाचली आणि सरांना गावचं भांडण सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "करून बघ. पण शून्य पूर्णांक सात वगैरे विचारायला गेलीस तर दारातूनच परत पाठवतील."

पुढच्या शनिवारी मी आबांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फौजेत असलं न्हाई. हुकूम असतो. व्हय का न्हाई."

"आबा, तुम्हाला नदीपेक्षा फाटा किती बरा वाटतो?"

"किती म्हंजे? बरा वाटतो."

"औंदा ज्वारी कशी हाय विचारलं तर काय सांगता?"

"दहा आणे," ते पटकन म्हणाले आणि थांबले.

आणे बाजारातून केव्हाच गेले होते. पण सोळा आणे म्हणजे भरघोस आणि आठ आणे म्हणजे निम्मं, ही मोजणी पिकासाठी प्रत्येकाच्या तोंडात होती. आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "फाट्याला तेरा आणे. नदीला तीन. पुराचं पाणी म्या बघितलंय."

"आणि फाटा आणि माळ?"

इथं त्यांनी चंची सोडली, पुन्हा बांधली. "फाट्याला दहा," शेवटी म्हणाले. "माळाला सा. माळ वाईट न्हाई तसा. पाणी न्हाई एवढंच."

तीन बैठकांत आबांनी माळाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्याला त्यांच्या मनात सहा आणे जागा होती हे मला तेव्हाच कळलं, आणि मला वाटतं, त्यांनाही.

रविवारी सकाळी मी वही घेऊन निघाले. आधी काकांकडे. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

"सुभेदारानं पाठिवलं व्हय?"

"नाही काका. माझी मी आले."

सगळं ऐकून ते म्हणाले, "तू त्याची लेक. तू त्याच्याच बाजूला काटा झुकिवणार."

"तुमचे आकडे तुम्ही तुमच्या हातानं लिहा. बेरीज बैठकीत सगळ्यांसमोर वाचीन."

त्यांनी वही घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: नदी सोळा, फाटा शून्य. नदी सोळा, माळ शून्य. वही परत दिली आणि सुपारी तोंडात टाकली. या अडचणीबद्दल त्या पानांत काहीच नव्हतं. जो मोठ्यानं ओरडेल त्याचे आणे जास्त. 

मी विचारलं, "काका, सोळा म्हणजे उद्या पाणी वर्गात शिरलं तरी तुम्ही म्हणणार, बांधली ते बरं केलं. तसं म्हणाल?"

 आतून काकूंचा आवाज आला, "आवं, मागल्या पुरात गोठ्यातली म्हस सोडायला गळ्याएवढ्या पाण्यातनं गेलासा. तितं पोरं बसिवणार?"

"तू गप गं," काका म्हणाले. पण वही मागून घेतली. फाट्यापुढं नदीला त्यांनी सोळाचे पंधरा केले. "फाट्यावर हाटेलं हैत, पोरं बिघडत्यात, ते काय म्या बदलत न्हाई." माळापुढं नदीला सोळा खोडून नऊ लिहिले. नऊ! म्हणजे माळाला सात. मी आकड्याकडं बघत राहिले तसे ते वरमून म्हणाले, "माळ उंचावर हाय, हे काय खोटं हाय व्हय? पर त्यो म्हातारा एकदा तरी माझ्याकडं येऊन बोलला? आणि तुझा बाप तर भर बैठकीत म्हनला, रानाला रस्ता पाहिजे. मला रस्ता पाहिजे असता तर म्या मागून घेतला असता. लाजलो असतो का त्याला?"

त्यांचे डोळे भरले होते. मी वही मिटली. काकूंनी मला चहा दिला. आबांसाठी म्हणून एका पुडीत त्यांच्या शेवग्याच्या कोवळ्या शेंगा बांधून दिल्या, आणि काका दुसरीकडं बघत राहिले.

हेडमास्तर मला शाळेत शिकवायला होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळ्या जोड्यांना आठ-आठ आणे दिले.

"सगळं सारखंच, गुरुजी?"

"सगळ्या जागा उत्तम आहेत." मग दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "हे तू बैठकीत वाचून दाखवणार का? कोणी किती दिले ते?"

तोवर मी त्याचा विचारच केला नव्हता. परगावाहून बदलून आलेला माणूस. गावाच्या मर्जीनं राहणारा. हात वर करायला लावला तेव्हा काकांच्या शेजारी बसले होते म्हणून त्यांच्याबरोबर हात वर झाला असेल, असं मला वाटलं. मी म्हणाले, "नाही. फक्त बेरीज सांगणार. कुणाचा आकडा कुणाला कळणार नाही." तेव्हा त्यांनी पेन काढलं आणि खरे आकडे लिहिले. नदी त्यांना मनापासूनच बरी वाटत होती, पण माळापेक्षा अगदी थोडीच. फाटा शेवटचा.

सुईणआजी भेटल्या ओढ्यावर, धुणं धुताना. गावातलं निम्मं माणूस त्यांच्या हातावर जन्मलेलं, मीसुद्धा. कमिटीवर एक तरी बाईमाणूस असावं म्हणून त्यांना घेतलं होतं. मी दगडावर बसून विचारत गेले, त्या पिळे घालत सांगत गेल्या. नदी आणि फाटा? नदीला अकरा. फाटा आणि माळ? फाट्याला दहा. नदी आणि माळ? माळाला बारा.

मी लिहिता लिहिता थांबले. "आजी, असं नाही होत. फाट्यापेक्षा नदी बरी, माळापेक्षा फाटा बरा. म्हणजे माळापेक्षा नदी बरी असायला पाहिजे. तुम्ही उलटं सांगितलंत."

"का हूत न्हाई?"

"हिशोबात बसत नाही."

त्यांनी धुणं खाली ठेवलं आणि कमरेवर हात दिले. "आगं, तू इचारतीस तसं मी सांगतिया. नदी का फाटा म्हनलीस, तवा मला टरका दिसल्या. बारकी पोरं सडकंला नकोत. फाटा का माळ म्हनलीस, तवा मला पोरी दिसल्या. माळावर चिटपाखरू न्हाई, फाट्यावर चार माणसं असत्यात, हाक मारली तर कुणी येतं. नदी का माळ म्हनलीस, तवा पूर दिसला. येका येका जोडीचं भ्या येगळं. त्यात माझं काय चुकलं?"

 त्या लेखात अशा उत्तराला 'विसंगत' म्हटलं होतं, आणि उत्तरं सुसंगत करून घ्यावीत असंही सुचवलं होतं. मी ते केलं नाही. आजींनी सांगितलं तसंच लिहिलं. पुढं कित्येक वर्षं वर्गात हा विषय शिकवताना त्या पानाशी आले की मला तो ओढा आठवायचा आणि मी पोरांना सांगायची, चुकलंय म्हणायच्या आधी विचारा, का.

माळावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. म्हातारबाबा मेंढरांना खडकातल्या डबक्यावर पाणी पाजत होते. त्यांचे आकडे सोपे होते. नदीपुढं माळाला पंधरा, फाट्यापुढं चौदा.

"सोळा का नाही बाबा?"

"सोळा आणे कंचं पीक येतं, पोरी? म्या तर कवा बघितलं न्हाई." मग म्हणाले, "वाडीच्या अकरा पोरी सातवीपतुर गेल्या. म्होरं येकबी न्हाई. आमी काय बोलणार बैठकीत? हात येकच हाय."

संध्याकाळी बैठकीला यायचं मी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं. दुपारी घरी येऊन मी पडवीत बेरजा केल्या. पाच जणांचे मिळून प्रत्येक जोडीला ऐंशी आणे. नदी आणि फाटा यांत नदीला पंचेचाळीस. पण नदी आणि माळ यांत माळाला बावन्न. फाटा आणि माळ यांत माळाला सत्तेचाळीस. एकच हात वर झालेली जागा दोघींच्याही पुढं होती. मी तीनदा तपासलं. मग मला भीती वाटली. आबांची जागा हरली होती. हे मलाच त्यांना सांगायचं होतं.

ते ऐकून आबा थोडा वेळ अंगणातल्या कडुनिंबाकडं बघत होते. "पक्कं?"

"पक्कं. हवं तर नावं झाकून आकडे सांगते, तुम्ही बेरीज करा."

"नको. म्या तुला गणित शिकायला धाडली ती काय माझ्यासारखी बेरीज करायला?" आणि उठून पागोटं बांधायला लागले. शेंगांची पुडी उघडी पडली होती. त्यांनी विचारलं, "ह्या कुणी दिल्या?" मी सांगितलं. त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली. बैठकीला जाताना ते नेहमीची वाट सोडून काकांच्या दारावरनं गेले आणि बाहेरूनच हाक मारली, "चल रं गड्या, उशीर हुतुया."

बैठक देवळासमोरच्या पारावर होती. मी वहीतल्या फक्त बेरजा वाचल्या. कुणाचं नाव नाही, कुणाचा आकडा नाही.  मग काका म्हणाले, "कागदावर काय बी येतं. माळावर पाणी कुठाय? पोरं काय मुरूम खाणार?"

ते खरंच होतं, आणि वहीत त्याला उत्तर नव्हतं. बेरजेनं जागा सांगितली होती. पाणी कुठून येईल ते सांगितलं नव्हतं. म्हातारबाबा पहिल्यांदाच बोलले. आबांकडं न बघता ते थेट काकांकडं वळले. "आवं मालक, पाणी तुमच्याच हिरीत हाय. म्या तुमच्याकडं मागाय येणार हुतो. पर आमच्यासारख्यानं तुमच्या दारात यायचं, तर भ्या वाटतं."

काका म्हणाले, "मागाय काय लागतंय? रोज बैलगाडीनं एक पिंप धाडीन. पर वर चढिवताना वाडीच्या माणसांनी हात लावायचा."

"लावतो की!"

सुईणआजी म्हणाल्या, "आणि पोरी जाताना एकीनं जायचं न्हाई, समद्यांनी संगं जायचं. एक मोठं माणूस बरुबर पाहिजे." हेडमास्तर चटकन म्हणाले, "मी त्याच वाटेनं येत जाईन." मला त्यांचं नवल वाटलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला घर होतं त्यांचं.

मग आबा उभे राहिले. बैठकीत ते नेहमी ताठ उभं राहून बोलायचे. तसंच ताठ उभं राहून म्हणाले, "म्या मागं एक बोललो हुतो. रस्त्याचं. ते चुकलं माझं." आणि खाली बसले. काकांनी मांडीखालचं कांबळं थोडं त्यांच्याकडं सरकवलं. कागद लिहिला गेला. पाच सह्यांपैकी दोन अंगठे होते.

तो कागद मीच सोमवारी सांगलीला नेऊन दिला. टेबलामागच्या कारकुनानं वाचून विचारलं, "एकमतानं?" मी जरा अडखळले. एकमत कुठं होतं? आबांना अजून फाटाच बरा वाटत होता, काकांना नदीच. पण मी "हो" म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

सगळं छान झालं असं नाही. खोल्यांवर पत्रे घातले आणि दुसऱ्याच महिन्यात वाऱ्यानं त्यांतले चार उडवून खालच्या रानात नेले. गावात लोक मला म्हणाले, "मास्तरीणबाई, वाऱ्याला किती आणे दिलं हुतं?" मी काय बोलणार? वाऱ्याची जोडी मी कुणालाच विचारली नव्हती. काकांच्या गाडीचं पिंप एकदा चढावर कलंडलं आणि दिवसभर वर्गाला पाणी नव्हतं. फाट्याकडच्या वस्तीतल्या दोन मुलींना माळ लांब पडला, त्या आल्याच नाहीत. त्यांच्या आईनं मला एकदा बाजारात धरून विचारलं, "आमास्नी का न्हाई इचारलं?" कमिटीत पाचच माणसं होती, एवढंच मी म्हणू शकले. ते मला अजून पुरेसं वाटत नाही.

सरांना मी सगळी वही दाखवली. त्यांनी आजींच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ गालात हसत होते. "हे छापलं पाहिजे," म्हणाले. मी छापलं नाही. इंग्रजीत 'आणे' कसं लिहायचं आणि ओढ्यावरचं ते बोलणं कुठल्या टिपेत घालायचं, ते मला जमलं नाही.

शाळा जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम रजा घेऊन गावी आले. माळावर पोरं येत होती, गावातनं एक रांग, वाडीकडनं एक. वाडीच्या रांगेत सात मुली होत्या. म्हातारबाबा नातीला घेऊन आले होते. सातवी झाल्यावर दोन वर्षं ती मेंढरांमागं होती. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, परकराच्या ओच्यात पाटी आणि डोक्याला चापून लावलेलं तेल. ती दारातच थांबली.

"हिला कुठं बसवू?" म्हातारबाबांनी मला विचारलं, जणू काही मीच तिथली मालकीण.

"तिला विचारा," मी म्हणाले.

तिनं वर्गभर नजर फिरवली. पुढच्या रांगेत जागा होती, मागंही होती. मग ती सरळ चालत जाऊन खिडकीशेजारी बसली आणि पाटी मांडीवर घेतली. म्हातारबाबा दारात थोडा वेळ उभे राहिले. आत हजेरी सुरू झाली, तिचं नाव आलं, आणि तिनं एवढ्या मोठ्यानं "हजर" म्हटलं की बाहेर चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या.